रोजच्या वापरासाठी जुनी वेगवान सेडान निवडताना

नव्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत सात-आठ वर्षे जुनी, दोनशेच्या आसपास अश्वशक्तीची आणि प्रशस्त डिकीची सेडान मिळू शकते, हे एकदा कळले की गाडीची हौस असलेल्या माणसाला इतर पर्याय फिके वाटू लागतात. हा मोह चुकीचा नाही. चार मोठी माणसे आणि गणपतीला गावी जायचे सामान घेऊन, वळणावर न झुकता आणि ट्रकला ओलांडताना श्वास न रोखता प्रवास करणारी गाडी रोजच्या उपयोगाचीही असते. मात्र ही गाडी निवडण्याची रीत साध्या हॅचबॅकहून वेगळी आहे, आणि पहिल्यांदाच अशी गाडी घेणारे नेमके तिथेच फसतात. ते ताशी शंभर किलोमीटरपर्यंत पोचायला गाडीला किती सेकंद लागतात हे विचारतात. ती ताशी आठ किलोमीटरने अर्धा तास कशी चालते हे विचारत नाहीत. माझ्या पाहण्यातले या गाड्यांचे मोठे खर्च द्रुतगती मार्गावरून आलेले नाहीत. ते वाकड-हिंजवडीच्या रांगेत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घासत गेलेल्या वर्षांतून आलेले आहेत. पुढच्या सर्व पायऱ्या हे लक्षात ठेवून मांडल्या आहेत.

पहिली पायरी : आपला आठवडा कागदावर मांडावा

गाड्यांच्या जाहिराती पाहण्याआधी आपल्या एका नेहमीच्या आठवड्याचा हिशेब लिहून काढावा. रोज किती किलोमीटर जायचे आहे, त्यातले किती खोळंब्यात आणि किती मोकळ्या रस्त्यावर, घरापासून कार्यालयापर्यंत किती गतिरोधक आहेत, सोसायटीच्या तळघरातला उतार किती तीव्र आहे आणि तिथे गाडी मागे घेत चढवावी लागते का, पावसाळ्यात आपल्या गल्लीत पाणी साचते का, या प्रश्नांची उत्तरे इंजिनाच्या ताकदीपेक्षा जास्त निर्णायक ठरतात. महिन्यातून दोनदा पुण्याहून कोल्हापूरला जाणाऱ्या आणि एरवी घरून काम करणाऱ्या माणसाची गाडी वेगळी, आणि रोज दोन वेळा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाची गाडी वेगळी.

त्याच कागदावर पैशांची विभागणी करावी. हाती असलेली सगळी रक्कम गाडीच्या किमतीत घालणे ही नवख्यांची सर्वात महाग चूक आहे. मी स्वतः किमतीच्या किमान पंधरा टक्के रक्कम वेगळी ठेवतो, कारण चार टायर, चारही चाकांचे ब्रेक पॅड, सगळी तेले, बॅटरी आणि विमा हे बहुधा पहिल्या तीन महिन्यांत एकदमच येऊन उभे राहतात. टर्बो पेट्रोल इंजिन शहरी खोळंब्यात आठ-दहाच्या पुढे अॅव्हरेज देईल, अशी आशा धरू नये. महामार्गावर शांतपणे चालवल्यास हीच इंजिने सुखद धक्का देतात, पण घरचे अंदाजपत्रक शहरातल्या आकड्यावर करावे.

दुसरी पायरी : कोणत्या गाड्यांकडे पाहावे

आपल्याकडे या वर्गात निवड मर्यादित आहे, आणि ते एका अर्थी बरेच आहे. जुन्या बाजारातली सर्वात ओळखीची गाडी म्हणजे स्कोडा ऑक्टाव्हियाची तिसरी पिढी. ती भारतात २०१३ मध्ये आली आणि २०१७ मध्ये तिचा चेहरा बदलला. तिच्या १.८ लिटरच्या टीएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल, इंजिनाची ताकद १८० अश्वशक्ती आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २५० न्यूटन मीटर आहे. ५९० लिटरची डिकी आणि काचेसह पूर्ण वर उघडणारे मागचे दार यांमुळे ही गाडी सेडानसारखी दिसते आणि टेम्पोसारखी सामान घेते. धुलाई यंत्र घरी नेताना याची किंमत कळते. शिवाय ही गाडी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली जात असे, त्यामुळे महाराष्ट्रात तिची माहिती असलेले कारागीर बऱ्यापैकी आहेत.

याच पिढीची आरएस ही खरी हौसेची आवृत्ती आहे. २०१७ मध्ये आलेल्या आरएसचे दोन लिटर इंजिन २३० अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन मीटर देते, आणि तेव्हा तिची शोरूम किंमत २४.६२ लाख रुपये होती. २०२० ची आरएस २४५ केवळ २०० गाड्यांपुरती आली. तिच्या मागे लागणारे संग्राहक वृत्तीचे असतात, आणि म्हणून ती रोज वापरायला घेणे मला पटत नाही. २०२१ मध्ये आलेली चौथ्या पिढीची ऑक्टाव्हिया १९० अश्वशक्तीची आणि ३२० न्यूटन मीटरची आहे. ती कमी बोलली जाते, पण रोजच्या गाडीच्या दृष्टीने तिचा गिअरबॉक्स विशेष महत्त्वाचा आहे, आणि त्याविषयी पुढे येईलच.

कमी वयाची गाडी हवी असेल तर फोक्सवॅगन व्हर्टसची १.५ टीएसआय आवृत्ती आणि तिची बहीण स्कोडा स्लाव्हिया यांचा विचार करावा. १५० अश्वशक्ती आणि २५० न्यूटन मीटर देणारे हे इंजिन भार कमी असताना चारपैकी दोन सिलिंडर बंद ठेवते, त्यामुळे महामार्गावर इंधन वाचते. चाकणला बनणाऱ्या या गाड्यांची जमिनीपासूनची उंची १७९ मिलिमीटर आहे, म्हणजे आपल्या गतिरोधकांवर त्या ऑक्टाव्हियापेक्षा निर्धास्त चालतात. २०२३ ची ह्युंदाई व्हर्ना टर्बो १६० अश्वशक्तीची आहे. सरळ रस्त्यावर ती या दोघींना पुरून उरते, वळणावर मात्र मला व्हर्टसचा भरवसा जास्त वाटतो. या तिन्ही गाड्यांना ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळालेले आहेत.

वरच्या पायरीवर बीएमडब्ल्यूची ३३० आय आणि तिच्याही वर एम ३४० आय येते. २०२१ मध्ये ६२.९० लाखांना आलेली एम ३४० आय तीन लिटरच्या सरळ सहा सिलिंडर इंजिनातून ३८७ अश्वशक्ती आणि ५०० न्यूटन मीटर काढते, ४.४ सेकंदांत शंभर गाठते, आणि तरीही सकाळी मुलांना शाळेत सोडताना अजिबात कुरकुरत नाही. जुन्या बाजारात या गाडीची किंमत उतरते, पण सुट्या भागांची उतरत नाही, हे वाक्य विक्रेत्यासमोर बसण्याआधी दोनदा मनाशी म्हणावे. गाडी आपल्या ऐपतीत आहे की नाही हे आजच्या किमतीवरून ठरवू नये. नव्या गाडीची मूळ किंमत आपल्याला कोणत्या वर्गात नेते त्यावरून ठरवावे.

तिसरी पायरी : गिअरबॉक्स आधी, इंजिन नंतर

नवख्या खरेदीदाराने ज्यावर सर्वाधिक वेळ घालवावा अशी गोष्ट म्हणजे गिअरबॉक्स. वर नावे घेतलेल्या बहुतेक गाड्यांत दोन क्लच असलेला स्वयंचलित गिअरबॉक्स असतो. फोक्सवॅगन-स्कोडात त्याला डीएसजी म्हणतात. एका क्लचवर विषम गिअर असतात आणि दुसऱ्यावर सम. एक गिअर चालू असताना पुढचा तयार ठेवला जातो, म्हणून बदल क्षणात होतो. पण सगळे डीएसजी एकसारखे नसतात, आणि जाहिरातीत केवळ 'डीएसजी' असे लिहिलेले असते.

ऑक्टाव्हिया १.८, व्हर्टस आणि स्लाव्हिया यांत सात गिअरांचा डीक्यू २०० हा कोरड्या क्लचचा गिअरबॉक्स आहे. त्याचे क्लच तेलात बुडलेले नसतात. खोळंब्यात गाडी सरपटवताना ते घासतात, तापतात, आणि ती उष्णता वाहून नेणारे तेल तिथे नसते. रांगेत पहिल्या गिअरला थरथर जाणवणे, पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना हिसका बसणे, आणि क्वचित मेकाट्रॉनिक हा त्याचा इलेक्ट्रॉनिक व हायड्रॉलिक मेंदू बंद पडणे, ही त्याची ओळखीची दुखणी आहेत. या गिअरबॉक्सची सहनशक्ती २५० न्यूटन मीटरची आहे. ऑक्टाव्हिया १.८ चा टॉर्क नेमका २५० का, याचे उत्तर यातच आहे. इंजिन याहून जास्त देऊ शकते, पण गिअरबॉक्सपायी त्याला आवरून धरलेले आहे.

२०१७ च्या आरएसमध्ये सहा गिअरांचा डीक्यू २५० आहे आणि त्याचे क्लच तेलात चालतात. तो खोळंबा अधिक सोसतो, परंतु त्याचे तेल आणि फिल्टर दर ६०,००० किलोमीटरला बदलावेच लागतात. हे काम झाल्याचे बिल नसेल तर ते झालेले नाही असेच धरावे, मग विक्रेता कितीही शपथेवर सांगो. चौथ्या पिढीच्या ऑक्टाव्हियातही तेलातल्या क्लचचाच सात गिअरांचा बॉक्स आहे. म्हणूनच रोज रांगेत उभे राहणाऱ्या माणसाला मी १.८ पेक्षा ती गाडी शोधायला सांगतो. व्हर्ना टर्बोचा स्वयंचलित बॉक्स पुन्हा कोरड्या क्लचचा आहे. बीएमडब्ल्यूत मात्र झेडएफ कंपनीचा आठ गिअरांचा टॉर्क कन्व्हर्टर बॉक्स, म्हणजे घासणाऱ्या क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा स्वयंचलित गिअरबॉक्स असतो, आणि शहरी खोळंब्यात या सगळ्यांत तोच सर्वात समजूतदार वागतो.

मग कोरड्या क्लचची गाडी घेऊच नये काय? तसे नाही. महामार्गावर वाढलेली, एका हाती राहिलेली ऑक्टाव्हिया १.८ अजूनही फार चांगली खरेदी आहे. फक्त क्लचचा जोड बदलण्याचा खर्च आपल्या वेगळ्या ठेवलेल्या रकमेत बसतो ना, हे आधी कारागिराला विचारून घ्यावे. आणि व्हर्टस, स्लाव्हिया किंवा व्हर्ना घेणाऱ्याने हाताने बदलायच्या गिअरची आवृत्तीही जरूर चालवून पाहावी. डाव्या पायाला थोडे श्रम होतात, पण पुढची दहा वर्षे निश्चिंत जाऊ शकतात.

चौथी पायरी : कागद

गाडी पाहायला जाण्याआधी तिचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन अॅपवर तिची माहिती पाहावी. नोंदणीचे वर्ष, इंधनप्रकार, कितवा मालक, विम्याची मुदत, पीयूसी आणि बँकेचा बोजा या गोष्टी तिथे दिसतात. कर्ज फिटले असे मालक सांगतो आणि आरसीवर हायपोथिकेशन, म्हणजे बँकेचा बोजा, मात्र तसेच असते, हे फार वेळा घडते. अशा वेळी बँकेचा ना हरकत दाखला आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ हाती आल्याखेरीज टोकनपलीकडे पैसे देऊ नयेत. हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत गाडी न्यायची असेल तर नमुना २८, म्हणजे गाडीची सध्या नोंदणी असलेल्या कार्यालयाचा ना हरकत दाखला लागतो. खरेदीनंतर ३० दिवसांत नव्या मालकाने हस्तांतरणाची नोंद करणे कायद्याने अपेक्षित आहे. 'एजंट बघून घेईल' या आश्वासनावर सहा महिने गेलेली माणसे मी पाहिली आहेत.

दिल्ली पासिंगच्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात फिरताना दिसतात. तिथे जुन्या डिझेल आणि पेट्रोल गाड्यांवर वयाची बंधने आली, आणि त्यामुळे गाड्या बाहेर पाठवण्याची सवय बाजाराला लागली. त्या गाड्या वाईट असतात असे नाही. उलट समुद्रकिनाऱ्यापासून दूर राहिल्याने त्यांच्या खालच्या भागाला गंज कमी असतो. परंतु महाराष्ट्राचा रस्ता कर, नवा नोंदणी क्रमांक आणि आरटीओच्या फेऱ्या धरल्या की वाचलेले पैसे बहुधा तिथेच जातात.

प्रलंबित ई-चलने जरूर तपासावीत, कारण वेगवान गाडीच्या मालकाची ती जन्मपत्रिका असते. दंडाची रक्कम मालकाने भरून घ्यावी हे तर झालेच, पण चलने कुठली आहेत तेही वाचावे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बसवली आहे का, दोन्ही किल्ल्या आहेत का, जुना फास्टॅग बंद केला जाईल का, हे विचारावे. किल्लीचा मुद्दा क्षुल्लक वाटेल. मी एकदा एकाच किल्लीवर गाडी घेतली आणि दुसरी करून घेताना जे बिल आले त्यात दोन चांगले टायर आले असते.

पाचवी पायरी : गाडीचा इतिहास वाचणे

सर्व्हिसची बिले तारखेप्रमाणे लावून बसावे आणि प्रत्येक बिलावरचे किलोमीटर एका कागदावर उतरवावेत. वर्षाला बारा हजार चाललेली गाडी अचानक एका वर्षात दोन हजारच चालली असेल तर कारण विचारावे. मीटर मागे केलेले असू शकते, किंवा गाडी अपघातानंतर उभी असू शकते. अधिकृत सर्व्हिस केंद्रात वाहन क्रमांक देऊन पूर्वीच्या नोंदी विचारता येतात. ती चौकशी मालकाच्या उपस्थितीत करावी, म्हणजे कोणाला संकोच राहत नाही.

बिलांत काय शोधायचे ते गाडीगणिक बदलते. ऑक्टाव्हियाच्या १.८ आणि २.० इंजिनांत पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट यांचे प्लॅस्टिकचे घर गळू लागणे ही जुनी तक्रार आहे. ते बदलले असेल तर उत्तम, नसेल तर शीतक द्रवाची पातळी आणि इंजिनाखालचे सुकलेले ओघळ पाहावेत. टर्बो इंजिनाला तेल वेळेवर लागते, कारण टर्बोचा दांडा त्याच तेलावर फिरतो. दोन तेलबदलांत पंधरा हजारांहून जास्त अंतर असेल तर ती गाडी मी सोडतो. ब्रेक द्रव दर दोन वर्षांनी बदललेला असावा. घाट उतरताना जुन्या द्रवाने पॅडल मऊ पडते, आणि ताकदवान गाडीला हे परवडत नाही.

रीमॅपची चौकशी वेगळी करावी. पुण्या-मुंबईत इंजिनाचा संगणक नव्याने लिहून ताकद वाढवून देणारे बरेच आहेत, आणि विक्रीआधी तो मूळ रूपात परत नेऊन 'कंपनी फिट' गाडी म्हणून विकणारेही आहेत. कोरड्या क्लचच्या गाडीत हा बदल झाला असेल, तर २५० न्यूटन मीटरच्या क्लचवर त्याहून बराच जास्त भार पडलेला असतो, आणि गाडी आज ठीक चालली तरी ते आयुष्य परत येत नाही. फोक्सवॅगन गटाच्या नोंदींत बदललेला संगणक सापडलेल्या गाडीवर टीडी १ असा शेरा लावला जातो. तो असल्यास इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी गेली असे समजावे. मोठा एअर फिल्टर, बदललेला सायलेन्सर, किंवा मूळ सायलेन्सर पुन्हा बसवताना पडलेल्या ताज्या पान्याच्या खुणा दिसल्या, तर सरळ प्रश्न विचारावा. प्रामाणिक मालक सांगतो, आणि त्याच्याशी पुढे बोलता येते.

सहावी पायरी : थंड इंजिन आणि कोरडा दिवस

गाडी सकाळी, रात्रभर उभी राहिलेली असताना पाहावी, आणि आपण पोचेपर्यंत ती सुरू करू नये असे मालकाला आधी सांगावे. बोनेटवर हात ठेवून ती खरोखर थंड आहे का ते पाहावे. सुरू करताना काही सेकंदांहून अधिक काळ साखळीसारखा खडखडाट आला, निळसर धूर आला किंवा इंजिन अडखळत राहिले तर ते लिहून घ्यावे.

पाण्यात गेलेल्या गाड्यांविषयी आपल्या भागात जास्त सावध राहावे लागते. २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा पूर आणि २०२१ चा चिपळूणचा पूर यांत असंख्य गाड्या बुडाल्या, आणि त्यांपैकी काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या असणे अगदी शक्य आहे. सीट पुढे-मागे करून रुळांवरचा गंज, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या मुळाशी असलेली मातीची रेघ, स्टेपनीच्या खळग्यातला गाळ आणि गालिच्याखालचा कुबट वास पाहावा. विम्याच्या जुन्या दाव्यांची माहिती मिळाली तर या प्रश्नाचे उत्तर आणखी पक्के मिळते.

टायर हे या गाडीचे सर्वात बोलके अंग आहे. कडेवर चार अंकी आकडा असतो. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. पाच-सहा वर्षांहून जुना टायर जाडी शिल्लक असली तरी बदलायचाच आहे असे धरून भाव करावा. आकाराच्या शेवटी वेगमर्यादेचे अक्षर असते : व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०, वाय म्हणजे ३००. एवढ्या वेगाने आपण कधीच जाणार नाही, जाऊही नये. समृद्धी महामार्गावरही गाड्यांना १२० चीच मर्यादा आहे. पण कंपनीने डब्ल्यू दिलेला असताना कोणी हलक्या अक्षराचा स्वस्त टायर बसवला असेल, तर त्या माणसाने न दिसणाऱ्या जागी काय काय वाचवले असेल याची कल्पना येते. चार चाकांना चार वेगवेगळे टायर असलेली गाडी मी पाच मिनिटांत सोडतो. बीएमडब्ल्यूत रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर असतील तर त्यांचा भाव आधी विचारून घ्यावा आणि डिकीत स्टेपनी आहे की नाही ते पाहावे.

सातवी पायरी : परीक्षा रांगेत घ्यावी

एका गाडीबाजारात मला रात्री नऊ वाजता मोकळ्या डीपी रस्त्यावर एक ऑक्टाव्हिया चालवायला दिली गेली. गाडी अप्रतिम पळाली. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाची वेळ मागितली तेव्हा विक्रेत्याचा चेहरा किंचित पडला. वीस मिनिटे रांगेत सरपटल्यावर पहिल्या गिअरला बारीक थरथर सुरू झाली, आणि तळघराच्या उतारावर मागे घेत चढवताना अख्खे स्टिअरिंग हलू लागले. मागचा गिअर सम गिअरांच्या क्लचवर असतो, म्हणजे दोन्ही क्लच संपलेले होते. आदल्या रात्रीच्या फेरीत यातले काहीच कळले नसते.

म्हणून चालवून पाहण्याचा क्रम असा ठेवावा. आधी किमान अर्धा तास खोळंब्यात जावे, ब्रेक हलके सोडत-धरत गाडी सरपटवावी आणि गिअरबॉक्स तापू द्यावा. मग एखाद्या चढावर पुढे आणि मागे, दोन्ही दिशांनी गाडी हलवावी. त्यानंतर आपल्याच सोसायटीच्या गतिरोधकावरून चार माणसे बसवून जावे. खालून लागते का, मागून टक्-टक् आवाज येतो का, हे अशानेच कळते. शेवटी मोकळ्या रस्त्यावर कायद्याच्या मर्यादेत एकदा जोर लावावा, ताकद एकसंध येते का आणि जोरात ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरते का ते पाहावे. घरातल्या ज्येष्ठांना मागच्या सीटवर बसवून उतरायला सांगावे. सेडान खाली असते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यातून उठणे कठीण जाते, आणि गाडी घरी आल्यावर हे कळले तर घरातला वाद गाडीपेक्षा जास्त वेगवान होतो.

यानंतरच या गाड्या ओळखणाऱ्या कारागिराकडे गाडी न्यावी आणि निदान-यंत्र लावून सर्व नोंदी छापून घ्याव्यात. स्कोडा-फोक्सवॅगनसाठी व्हीसीडीएस ही निदान-प्रणाली, बीएमडब्ल्यूसाठी तिची स्वतःची प्रणाली वापरणारा माणूस शोधावा. कोणत्याही गाडीला चालणारे स्वस्त यंत्र गिअरबॉक्सच्या आत पाहत नाही. जुन्या दोषांच्या नोंदीत तो दोष किती किलोमीटरवर आला तेही अनेकदा लिहिलेले असते. गाडीच्या मीटरवर साठ हजार आणि नोंदीत एकोणनव्वद हजार असतील, तर बोलणी तिथेच संपतात.

आठवी पायरी : व्यवहार आणि पहिले महिने

भाव करताना सापडलेल्या दोषांची यादी आणि त्यांच्या खर्चाचे अंदाज समोर ठेवावेत. नुसते 'काहीतरी कमी करा' म्हणण्याने विक्रेता हसून पाच हजार सोडतो. व्यवहार बँकेमार्फत करावा आणि ताबा घेतल्याची तारीख व वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. तोपर्यंत तृतीय पक्षाचे संरक्षण चालू राहते, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचाच असतो, तो गाडीबरोबर येत नाही. फरकाची रक्कम भरावी लागते. टर्बो इंजिन पाण्यात अडकून बंद पडले तर दुरुस्ती जबर असते, म्हणून पाणी साचणाऱ्या शहरात इंजिन संरक्षणाची जोड जरूर घ्यावी, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

इंधनझाकणाच्या आतले लेबल वाचावे. बऱ्याच जुन्या वेगवान सेडान पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल गृहीत धरून बनलेल्या आहेत, आणि आता पंपांवर सर्वत्र वीस टक्क्यांचे पेट्रोल मिळते. अशा गाडीचे अॅव्हरेज थोडे घटते. ती महिनोन्‌महिने उभी ठेवू नये आणि इंधनाच्या नळ्या व रबरी भाग सर्व्हिसच्या वेळी तपासून घ्यावेत. कंपनीने ९५ ऑक्टेनची शिफारस केली असेल तर ती पाळावी. त्याहून महाग पेट्रोल भरल्याने साध्या, न बदललेल्या गाडीत काही विशेष मिळते असे मला कधी जाणवले नाही.

ताबा मिळाल्याच्या आठवड्यातच इंजिन तेल, फिल्टर, ब्रेक द्रव आणि तेलातल्या क्लचचा बॉक्स असेल तर त्याचे तेल, हे सर्व बदलून नवी सुरुवात करावी. कोरड्या क्लचची गाडी असेल तर रांगेत पुढच्या गाडीच्या मागे इंच-इंच सरकू नये. थोडे अंतर पडू द्यावे, मग नीट पुढे जाऊन ब्रेक पूर्ण दाबून थांबावे, म्हणजे क्लच सुटतो आणि निवतो. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवील, वाजवू द्यावा. खरेदीच्या दिवशी छापून घेतलेला निदानाचा कागद गाडीच्या पुस्तकात ठेवावा, आणि पाच हजार किलोमीटरनंतर त्याच कारागिराकडून तशीच छाननी पुन्हा करून दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत.